सावरणे आणि सावरून धरणे

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बालमार्गदर्शन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत प्रत्येक विभाग आपल्या कामाचा आढावा सादर करतो. शस्त्रक्रिया विभाग शस्त्रक्रियांची संख्या सांगतो, प्रसूती विभाग बाळंतपणांची सांगतो, प्रयोगशाळा तपासण्यांची सांगते. बालमार्गदर्शन विभागाची पाळी आली की आमची थोडी पंचाईत होते. किती मुले आली, याची नोंद आमच्या वहीत असते. परंतु त्यांपैकी बरी किती झाली, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. गेल्या सभेनंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांला मोठ्या आस्थेने विचारले होते, "तुमच्या विभागाला एखादे यंत्र हवे असेल तर निःसंकोच सांगा." त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. आजचे हे चार शब्द म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

आरंभी एका मुलाची हकिगत सांगतो. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि ती सांगण्यास त्याच्या आईची संमती आहे. मुलगा नऊ वर्षांचा, इयत्ता चौथीत शिकणारा. पोटात दुखते म्हणून आई त्याला घेऊन आली. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सर्व तपासण्या झाल्या. दोष काही आढळला नाही. जंतांचे औषध देऊन त्याला घरी पाठवले. महिन्याभराने तो पुन्हा आला, नंतर आणखी एकदा आला. तिन्ही वेळा केसपेपरवर आम्ही 'तपासणीत दोष नाही' असेच लिहिले. चौथ्या वेळी त्याला दाखल करून घेतले, तेव्हा वॉर्डातील एका मावशींच्या एक गोष्ट लक्षात आली. आई औषधे आणायला खाली गेली की मुलाचे पोट दुखू लागते आणि ती परत आली की थांबते. मावशींनी हे सिस्टरांना सांगितले, सिस्टरांनी आम्हांला. वैद्यकीय पुस्तके वाचलेल्या आम्हां मंडळींना जे दिसले नव्हते, ते फरशी पुसता पुसता मावशींनी पाहिले होते.

मग आम्ही आईशी निवांत बोललो. मुलाच्या वडिलांनी सात महिन्यांपूर्वी फवारणीचे औषध पिऊन आत्महत्या केली होती. मुलाला मात्र 'बाबा मुंबईला कामाला गेले' असे सांगण्यात आले होते. दिवसकार्य होईपर्यंत त्याला मामाच्या गावी ठेवले होते. परत आल्यावर त्याने कधी काही विचारले नाही, म्हणून घरच्यांना वाटले की त्याला काही कळलेले नाही. प्रत्यक्षात त्याला सर्व ठाऊक होते. त्या दिवशी वडिलांनी सांगितले म्हणून औषधाचा डबा गोठ्यातून त्यानेच आणून दिला होता. घरातली माणसे ही गोष्ट त्याच्यापासून लपवीत होती आणि तो ती त्यांच्यापासून लपवीत होता. आमच्या केसपेपरवर वडिलांच्या नावाचा रकाना तिन्ही वेळा भरलेला होता. त्या नावापुढे 'कैलासवासी' लिहायचे राहिले आहे काय, हे विचारण्याचे मात्र आम्हांपैकी एकालाही सुचले नव्हते. ही आमची चूक होती आणि ती या सभेपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

बालपणातील आघात मोठेपणी शरीराला भोवतात, हे वैद्यकशास्त्राच्या ध्यानात यायलाही फार उशीर झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेतील सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी स्थूलतेवरील उपचारांचा कार्यक्रम चालवीत होते. ज्यांचे वजन चांगले उतरत होते असेच कित्येक रुग्ण मध्येच उपचार सोडून जात, याचे त्यांना नवल वाटले. त्यांनी अशा रुग्णांशी सविस्तर बोलणे सुरू केले, तेव्हा अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. यातूनच पुढे त्यांनी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी एक मोठा अभ्यास हाती घेतला. त्याचा पहिला अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अभ्यासात एकंदर १७ हजारांहून अधिक प्रौढ सहभागी झाले. अठरा वर्षांचे होण्यापूर्वी मारहाण, अत्याचार, हेळसांड, घरातील व्यसन, मानसिक आजार, आईला होणारी मारझोड, आई-वडिलांची ताटातूट यांपैकी काय काय वाट्याला आले, हे त्यांना विचारण्यात आले. निम्म्याहून अधिक लोकांनी निदान एक तरी प्रकार अनुभवला होता. प्रकारांची संख्या वाढे, तसे नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, इतकेच नव्हे तर हृदयविकार व फुप्फुसांचे विकार यांचेही प्रमाण वाढलेले दिसले. हे लोक बहुतांशी सुशिक्षित व विमा असलेले मध्यमवर्गीय होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

असे का व्हावे? भय वाटले की शरीरात ॲड्रेनलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके स्रवतात, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. भय संपले की सर्व पूर्वपदावर येते. ही निसर्गाची योजनाच आहे. परंतु भय रोजचेच झाले आणि लेकराला पोटाशी धरणारे कोणी नसले, तर ही यंत्रणा बंद होण्याचे विसरते. वाढत्या मेंदूवर, झोपेवर, भुकेवर, रोगप्रतिकारशक्तीवर त्याचा परिणाम होतो. अशा ताणाला शास्त्रज्ञ विषारी ताण म्हणतात. तेव्हा त्या मुलाचे पोट दुखत होते ते खरेच दुखत होते. ते सोंग नव्हते. आई नजरेआड झाली की तीही वडिलांसारखी परत येणार नाही, असे त्याचे शरीर त्याला सांगत होते.

या ठिकाणी एका गैरसमजापासून सावध केले पाहिजे. अशा अभ्यासांचे निष्कर्ष समूहाविषयी असतात. ते कोण्या एका मुलाची कुंडली नव्हेत. 'याच्या घरात असे झाले, आता याचे काही खरे नाही,' असे आमच्यासमोर, मुलाच्या देखत, नातेवाईक बोलतात. याला शास्त्राचा आधार नाही. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ या संशोधिकांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुले दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे व्यसन वा मानसिक आजार अशा अनेक आपत्तींत वाढत होती. आणि या संकटग्रस्त मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार, आत्मविश्वास असलेली, इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्यात समान काय होते? आई-वडील नसले तरी आजी, मावशी, थोरले भावंड, शिक्षक, शेजारी असे एक तरी भरवशाचे माणूस त्यांना लाभले होते. जमेल असे काम त्यांच्याकडे सोपवलेले होते. आपल्या हातून काही चांगले होऊ शकते, हा विश्वास त्यांना होता. पौगंडावस्थेत वाट चुकलेली मुलेही पुढे शिक्षणाची, नोकरीची वा चांगल्या जोडीदाराची दुसरी संधी मिळताच मोठ्या संख्येने मार्गी लागली. उशीर झाला म्हणून दार बंद झाले, असे होत नाही.

ज्याला शास्त्रीय भाषेत लवचिकता म्हणतात, त्यासाठी आपल्या मराठीत एक सुंदर क्रियापद आहे: सावरणे. मूल सावरते आणि मुलाला सावरता येते. दोन्हींना शब्द एकच. चालायला शिकणारे मूल तोल सावरते, तेव्हा कोणाचे तरी बोट त्याच्या मुठीत असते. म्हणूनच 'मुलाने खंबीर व्हावे' असा नुसता उपदेश आम्हांला पटत नाही. त्याच धातूपासून आलेला दुसरा एक शब्दही आपल्याकडे आहे: सावरासावर. झालेली गोष्ट झाकणे, विषय बदलणे, 'बाबा मुंबईला गेले' असे सांगणे. ही सावरासावर कुटुंबे दुष्टपणाने करीत नाहीत. ती मायेपोटी आणि लोकलज्जेपोटी होते. परंतु जेथे सावरासावर चालते, तेथे सावरणे अडून राहते.

त्या मुलाच्या बाबतीत पहिले काम होते खरे सांगण्याचे. ते आम्ही सांगितले नाही. आईने सांगितले, आजी शेजारी बसली होती आणि आम्ही खोलीत होतो. काय बोलायचे याची तयारी आईने आमच्याबरोबर दोन वेळा केली होती. 'बाबांचे मन फार आजारी होते. त्या आजारात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. त्यात तुझी काहीही चूक नाही. आता मी आहे, आजी आहे.' एवढीच चार वाक्ये. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने डब्याचे सांगितले. आईला ते तोपर्यंत माहीत नव्हते. त्या खोलीत पुढे काय झाले, ते येथे सांगणे उचित नाही. एवढेच सांगतो की, सात महिन्यांत ती दोघे प्रथमच एकत्र रडली.

एवढ्याने सारे संपत नाही. यानंतरचे काम दिसायला अगदी साधे असते. झोपेची व जेवणाची वेळ ठरवणे. आईने शेतावर जाताना केव्हा परत येणार ते सांगणे आणि सांगितलेली वेळ पाळणे. वर्गशिक्षकांना विश्वासात घेणे, जेणेकरून 'वडिलांना घेऊन ये' असे चारचौघांत कोणी म्हणणार नाही. पोट दुखले की त्याने शाळेतून पळून न जाता बाईंना सांगून दहा मिनिटे व्हरांड्यात बसावे, असे ठरले. घरातील कीटकनाशके कुलूपबंद पेटीत ठेवण्यात आली; हा नियम प्रत्येक शेतकरी कुटुंबाने आजच पाळावा, अशी या निमित्ताने आमची कळकळीची विनंती आहे.

परंतु आई स्वतःच बुडत असेल, तर ती मुलाला कशी सावरणार? या माउलीला रात्रीची झोप नव्हती, सावकाराचा तगादा होता आणि सातबारावर तिचे नाव नव्हते. वारसनोंद, मृत्यूचा दाखला, बँकेचे खाते, शासकीय मदतीचा अर्ज या कामांसाठी आमच्या समाजसेविका तिच्याबरोबर तलाठी कार्यालयात, तहसीलमध्ये आणि जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात गेल्या. एक पालक गमावलेल्या गरजू मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिची दरमहाची रक्कम ११०० वरून २२५० रुपये करण्यात आली. कागदपत्रे जमवण्यासाठी कोणी सोबत नसल्याने कितीतरी कुटुंबे अशा योजनेपर्यंत पोहोचतच नाहीत. समाजसेविकेची ती धावपळ हाही आमच्या दृष्टीने मुलाच्या पोटदुखीवरील उपचारच होता. घरातील एक चिंता कमी झाली, तेव्हा आईचा आवाज निवळला. आईचा आवाज निवळला, तेव्हा मुलाला झोप लागू लागली.

संकट एका क्षणी कोसळते तसे ते वर्षानुवर्षे मुरतही असते. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे चार-सहा महिने कारखान्याच्या परिसरात, पाचटाच्या खोपीत राहतात. अकरा-बारा वर्षांची मुलगी तेथे स्वयंपाक करते, पाणी भरते, धाकट्याला सांभाळते. तिची शाळा सुटते आणि पुढे लवकरच लग्नाची बोलणी सुरू होतात. काम करण्याने मूल खंबीर होते, असे आताच आम्ही म्हणालो. मग या मुलींचे काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असे की, जबाबदारी मुलाच्या पेलाएवढी असावी, तिचे कौतुक व्हावे आणि ती मुलाच्या खेळाच्या व शाळेच्या आड येऊ नये. याहून अधिक झाली की ती ओझे होते. म्हणून अशा मुलींसाठी गावातच आजी-आजोबांजवळ वा हंगामी वसतिगृहात राहण्याची सोय व्हावी, याकरिता शाळांशी आमचा पत्रव्यवहार सुरू असतो.

निराधार मुलांसाठी रुग्णालयाने बालगृह बांधावे, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली आहे. त्यामागील भावनेचा आम्ही आदर करतो. तरीही आमचे मत वेगळे आहे. रुमानियातील अनाथालयांत वाढणाऱ्या १३६ बालकांचा अभ्यास २००० सालापासून बुखारेस्ट येथे झाला. त्यांतील निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे व माया लावण्याची क्षमता अधिक चांगली वाढली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना तर विशेष लाभ झाला. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. ज्या मुलाला खरोखर कोणीच नाही, त्याला चांगली संस्था लागतेच. परंतु आजीकडे राहू शकणाऱ्या मुलाला केवळ आजीकडे पैसे नाहीत म्हणून संस्थेत पाठवणे योग्य नव्हे. इमारतीवर होणारा खर्च अशा आजींच्या पाठीशी उभे राहण्यात झाला, तर तो अधिक मुलांपर्यंत पोहोचेल.

आपल्या मराठवाड्याला हे नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी व परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या वेळची मुले आज चाळिशीत आहेत. काहींना नातलगांनी वाढवले. सुमारे १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले. त्या पिढीतील काही जण आता स्वतःच्या मुलांना घेऊन आमच्याकडे येतात. ढगांचा गडगडाट झाला की आजही छातीत धस्स होते, असे ते सांगतात. आणि तरीही घर, शेती, नोकरी, लेकरे असे सर्व त्यांनी उभे केले आहे. सावरणे म्हणजे विसरणे नव्हे. आठवण राहूनही दिवस नीट चालवता येणे म्हणजे सावरणे.

पालकांना आमचे थोडके सांगणे आहे. मूल अंथरूण ओले करू लागले, एकाएकी चिडू लागले, गप्प झाले, अभ्यासात मागे पडले, वारंवार डोके वा पोट दुखते म्हणू लागले, तर त्याला रागे भरण्यापूर्वी घरात अलीकडे काय घडले ते आठवून पाहावे. ते बोलू लागले की मध्ये तोडू नये. न पाळता येणारे वचन देऊ नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी आम्ही आपल्यासोबत उभे राहू. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक घरात सर्वांना ठाऊक असावेत.

आता त्या देणगीदारांच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या विभागाला यंत्र नको. आम्हांला माणूस हवे, आणि ते टिकणारे हवे. विभागातील समाजसेविकेचे पद वर्षावर्षाच्या मुदतीवर चालते आणि यंदा निधीअभावी ते चालू ठेवावे की नाही, हा विषय विश्वस्त मंडळापुढे आहे. मंडळाच्या अडचणी आम्ही जाणतो. वॉर्डाला, यंत्राला, पाण्याच्या टाकीला देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. एखाद्याच्या वेतनाला पाटी लावण्यासाठी भिंत नसते. परंतु ज्या मुलाच्या आयुष्यातून एक माणूस न सांगता निघून गेले आहे, त्याला 'पुढच्या मंगळवारी मी येथेच असेन' असे सांगणारी व्यक्ती पुढच्या मंगळवारी खरोखरच तेथे असणे, हाच उपचार असतो. ती खुर्ची रिकामी राहिली, तर आम्हीही सावरासावरच करीत राहू. हे पद निदान तीन वर्षांसाठी निश्चित व्हावे आणि बाहेरगावच्या कुटुंबांच्या एस.टी. भाड्यासाठी एक छोटा निधी असावा, एवढीच आमची मागणी आहे. त्यासोबत आमचेही एक आश्वासन: वारंवार येणाऱ्या प्रत्येक बालरुग्णाच्या केसपेपरवर यापुढे 'घरी कोण कोण असते?' हा प्रश्न विचारला जाईल आणि त्याचे उत्तर लिहिले जाईल.

तो मुलगा आता सहावीत आहे. परीक्षेच्या आधी त्याचे पोट अजूनही कधी कधी दुखते. परवा तपासणीला आला, तेव्हा आई औषधाच्या रांगेत उभी राहण्यासाठी खाली गेली. तो बाकावर बसून राहिला. थोड्या वेळाने वॉर्डातल्या त्याच मावशी दिसल्या, तेव्हा त्यांनी न विचारताच म्हणाला, "आई खाली गेलीय. येईल."

या एका शब्दापर्यंत पोहोचायला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे आपण सर्वांनी आम्हांला दिलीत.